‘खरे-खोटे देव जाणे!’

सांगोवांगीची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालताना शेवटी एक छोटेसे वाक्य जोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे : ‘खरे-खोटे देव जाणे!’ हे वाक्य उच्चारले, की सांगणारा नामानिराळा होतो. गोष्ट खरी ठरली तर सावध केल्याचे श्रेय त्याचे. खोटी ठरली तर तिचा भार देवावर. आज गोष्टी कानोकानी जात नाहीत. त्या ई-मेलने आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून जातात. त्या जुन्या वाक्याचे रूपही पालटले आहे. ‘जसे आले तसे पुढे पाठवीत आहे’ एवढे लिहिले, की काम झाले. भाषा बदलली, पळवाट मात्र तीच राहिली.

या पळवाटेचा विचार आपण नैतिकतेच्या अंगाने करावा, असे मला वाटते. ज्याने असत्य निर्माण केले तो दोषी, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु ज्याने ते केवळ पुढे पाठविले, तेही कोणाचे वाईट चिंतून नव्हे तर आपल्या माणसांच्या काळजीपोटी, त्याच्यावर काही जबाबदारी येते काय?

प्रथम या संदेशांचा स्वभाव पाहू. १९९४ च्या अखेरीस अमेरिकेतील संगणकधारकांमध्ये एक इशारा फिरू लागला. ‘गुड टाइम्स’ असे शीर्षक असलेले पत्र उघडू नका. ते वाचताच तुमच्या संगणकातील सारी माहिती पुसली जाईल. हा इशारा आपल्या सर्व मित्रांना कळवा, असा त्याचा आशय होता. असा कोणताही विषाणू अस्तित्वात नव्हता. साधा मजकूर नुसता वाचल्याने संगणकाचे काही बिघडणे त्या काळी शक्यही नव्हते. विषाणूसारखा एका घरातून दुसऱ्या घरात शिरत होता तो इशाराच, आणि त्याला वाहून नेणारी यंत्रणा होती माणसाची भीती.

१९९७ साली न्यू ऑर्लिन्स शहराविषयी दुसरे पत्र पसरले. प्रवाशांना गुंगीचे औषध देऊन त्यांची मूत्रपिंडे काढून नेणारी टोळी तेथे वावरते, असे त्यात म्हटले होते. त्या वर्षीच्या जानेवारीत तेथील पोलिसांना अधिकृत निवेदन काढून सांगावे लागले, की अशी एकही घटना घडलेली नाही. पुढे २००१ साली आलेल्या पत्राने तर कमाल केली. तुमच्या संगणकात अमुक नावाची फाइल असेल तर ती घातक विषाणू आहे, ती ताबडतोब काढून टाका आणि सर्वांना कळवा, असे त्यात लिहिले होते. शोध घेताच ती फाइल अनेकांना खरोखरच सापडली; कारण ती संगणकप्रणालीचाच निरुपद्रवी भाग होती. लोकांनी ती स्वतःच्या हाताने पुसली आणि शेजाऱ्यालाही पुसायला लावली. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ ही आपली म्हण येथे अपुरी पडावी! येथे भुई तर धोपटली गेलीच, पण घराची वीटही आपल्याच हाताने निखळून पडली.

या सर्व पत्रांची घडण एकसारखी आहे. आरंभी भय, मग एखाद्या मोठ्या संस्थेचा वा अधिकाऱ्याचा दाखला, त्यानंतर घाई, आणि शेवटी ‘सर्वांना पाठवा’ हा आदेश. विचार करण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ ही घडण माणसाकडून काढून घेते.

तथापि हा रोग संगणकाने आणला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. १३४८ साली युरोपात महामारी पसरली तेव्हा यहुदी लोक विहिरींत विष कालवतात अशी आवई उठली. सॅव्हॉय प्रांतात काही यहुद्यांचा छळ करून त्यांच्याकडून कबुलीजबाब वदवून घेण्यात आले. त्या कबुलीजबाबांच्या नकला पत्रांबरोबर शहराशहरांत फिरल्या. शियाँच्या गढीवरून त्या स्ट्रासबर्गच्या नगरसभेकडेही पोहोचल्या. कोलोन शहराने स्ट्रासबर्गला सबुरीचा सल्ला दिला. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्येच आज्ञापत्रे काढून साधा, परंतु बिनतोड मुद्दा मांडला : महामारीने यहुदीही मरत आहेत, आणि जेथे यहुदी राहतच नाहीत तेथेही ती पसरली आहे, मग हा आरोप टिकतो कसा? स्ट्रासबर्गच्या ज्या नगरप्रमुखांनी अफवेपुढे मान तुकवण्यास नकार दिला, त्यांना पायउतार करण्यात आले, आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी तेथील शेकडो यहुद्यांना जाळण्यात आले. महामारी त्या शहरात तोवर आलीदेखील नव्हती!

आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहिले तर मन अधिकच अंतर्मुख होते. पहिल्या शतकांतील रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांविषयीच अशी अफवा होती, की ते गुप्तपणे जमून बालकांचा बळी देतात आणि त्यांचे मांस खातात. तेर्तुल्यन या लेखकाला इसवी सन १९७ च्या सुमारास तिचे खंडन करावे लागले. ज्यांच्यावर मुले खाण्याचा आळ आला त्यांच्याच वंशजांनी पुढे तोच आळ यहुद्यांवर घेतला. १४७५ साली इटलीतील ट्रेंट येथे एका बालकाच्या मृत्यूचे खापर यहुद्यांवर फोडून त्यांना मृत्युदंड देण्यात आला, आणि त्या बालकाची भक्ती रूढ झाली. ख्रिस्तसभेने ती १९६५ मध्ये बंद केली. असत्य पसरायला काही दिवस पुरले. ते मागे घ्यायला जवळजवळ पाच शतके लागली.

माणूस अशा गोष्टींवर विश्वास का ठेवतो? आपल्याच देशातील एक अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. जेथे धक्के तर जाणवले पण पडझड झाली नाही, अशा भागातील अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी टिपून ठेवल्या. त्या दिलासा देणाऱ्या नव्हत्या. आणखी भयंकर भूकंप होणार, पूर येणार, वादळ येणार, असेच लोक एकमेकांना सांगत होते. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये त्याचा मार्मिक अर्थ लावला. हे लोक मनातून घाबरलेले होते, पण भोवती पाहावे तर भिण्याजोगे काही दिसत नव्हते. आपल्या भीतीला शोभेल असे कारण त्यांना हवे होते. ते अफवेने पुरविले. म्हणजे अफवेने भीती निर्माण होते, हे अर्धेच सत्य आहे. कित्येकदा भीती आधीच मनात वस्तीला असते, आणि ती अफवेला आवतण धाडते. परका माणूस, परकी भाषा, परका धर्म यांविषयीचे भय ज्याच्या मनात दडलेले आहे, त्याला पुरावा लागत नाही; निमित्त पुरते.

याची किंमत कोण मोजतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारासाठी लोक जमले होते. मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश त्याआधीपासून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे भिक्षेसाठी सोलापूर जिल्ह्यातून तेथे आली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारले. त्या वर्षी मुले पळविण्याचे म्हणून जे चित्रण देशभर फिरले, ते मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी बनविलेल्या चित्रफितीतले होते. तीत पळविलेले मूल लगेच परत आणून सोडले जाते. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. त्याच सुमारास मालेगावातही एका कुटुंबावर असाच जमाव चालून गेला. तेथे मात्र स्थानिक माणसाने त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. अफवा दोन्ही ठिकाणी एकच होती. एका ठिकाणी दार उघडणारा कोणीतरी भेटला, एवढाच फरक.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत, रात्री चोर फिरतात, मुले पळवितात, अशा वार्तांनी पाडे जागे होते. त्या तिघांच्या मृत्यूनंतर अफवा थांबली नाही. तिने दुसरा जन्म घेतला. हत्येला धर्मद्वेषाचा रंग देणारे संदेश फिरू लागले. अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. पहिल्या असत्याने तिघांचे प्राण घेतले होते. त्यांच्याच रक्ताच्या शाईने दुसरे असत्य लिहिले जात होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुढे पाठविणारा आपल्या बचावासाठी तीन कारणे देतो.

पहिले कारण : ‘मी ते लिहिले नाही.’ पण न पाठविलेला संदेश तेथेच मरतो. अफवेला पाय नसतात. ती दुसऱ्यांच्या पायांनी चालते. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवेचनात, पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हेही पाप म्हटले आहे. मनात मानणे जर दोषास्पद, तर शंभर मनांत पेरणे निर्दोष कसे ठरावे?

दुसरे कारण : ‘माझा हेतू चांगला होता.’ हेतूची शुद्धता महत्त्वाची खरी. परंतु चांगला हेतू माणसाला चौकशीच्या कर्तव्यातून मुक्त करीत नाही. रुग्णाविषयीच्या कळवळ्याने कोणी बाटलीवरील चिठ्ठी न वाचताच औषध पाजले, तर आपण त्याच्या कळवळ्याचे कौतुक करीत नाही.

तिसरे कारण सर्वांत बळकट आहे : ‘खरे निघाले तर? खोटे निघाले तरी नुकसान काय? सावध राहिलेले बरे!’ आईबापांच्या तोंडी हा युक्तिवाद येतो तेव्हा त्याची थट्टा करू नये. मुलाच्या जिवाची काळजी ही पवित्र गोष्ट आहे. परंतु या हिशेबात एक मोठी चूक आहे. खोटा इशारा फुकट नसतो. त्याची किंमत फक्त आपल्याला मोजावी लागत नाही. ती मोजतो गावाबाहेरून आलेला भिक्षेकरी, वाट चुकलेला प्रवासी, आपली भाषा न येणारा मजूर, मनोरुग्ण स्त्री. सुरक्षिततेचे समाधान आपल्या पदरी आणि जोखीम परक्याच्या माथी, असा हा व्यवहार आहे. भल्या समाऱ्याच्या दाखल्यात जो आपला शेजारी ठरतो, तोच नेमका येथे संशयित ठरतो.

याचा अर्थ धोका दिसला तरी गप्प बसावे असा मुळीच नाही. जे आपण पाहिले, ज्याचे ठिकाण व वेळ ठाऊक आहे, ते सांगणे कर्तव्यच आहे. तेथे मौन हेच पाप. पण ते सांगावे ज्याला काही करता येईल त्याला : पोलीस चौकीत, शाळेत, मुलाच्या पालकांना. जो इशारा सर्वांना पाठविला जातो आणि नेमक्या माणसाला कधीच कळविला जात नाही, तो इशारा नसून आपल्याच भीतीचे वाटप होय.

पवित्र शास्त्रात यहोशवाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. यार्देनेपलीकडच्या गोत्रांनी वेगळी वेदी बांधल्याची वार्ता आली आणि इस्राएलची सारी मंडळी लढाईसाठी शिलो येथे जमली. वेदी खरोखरच बांधली होती. वार्ता खोटी नव्हती, तिचा लावलेला अर्थ खोटा होता. तलवार उपसण्यापूर्वी त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदार यांना विचारपूस करण्यास पाठविले. ती वेदी यज्ञासाठी नसून आपणही त्याच परमेश्वराचे आहोत याची साक्ष म्हणून बांधली आहे, हे कळले, आणि भाऊबंदांमधले युद्ध टळले. अकरा माणसांची एक खेप, एक प्रश्न आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारी, एवढ्यावर रक्तपात थांबला.

व्हॉट्सॲप कंपनीने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. यंत्राने हाताचा वेग कमी केला. सदसद्विवेकबुद्धीचे काम मात्र यंत्र करू शकत नाही. ते घराघरांतच व्हावे लागेल. संदेशात दिवस, ठिकाण, सांगणाऱ्याचे नाव आहे काय, हे पाहावे. वडीलधाऱ्यांनी पाठविलेल्या संदेशाविषयी मुलांनी आदरपूर्वक शंका काढावी, आणि वडीलधाऱ्यांनी तो आपला अवमान समजू नये. चुकीचे काही पाठविले गेलेच, तर ते गुपचूप पुसून भागत नाही. ज्या ज्या ठिकाणी पाठविले, तेथे तेथे ‘हे खोटे होते’ असे लिहावे. चोरलेली वस्तू जशी परत करावी लागते, तशी हिरावलेली अब्रूही परत करावी लागते. भरपाईचे हे कर्तव्य धर्मशिक्षणग्रंथानेच सांगितले आहे.

राहता राहिले ते जुने वाक्य : ‘खरे-खोटे देव जाणे.’ देव जाणतो, यात शंका नाही. पण उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोम व गमोरा यांच्याविषयीचा आक्रोश त्याच्या कानी आला, तेव्हा तो सर्वज्ञ परमेश्वर काय करतो? ऐकलेल्यावरून निकाल देत नाही. आपण स्वतः खाली जाऊन ते खरोखर तसेच आहे का, हे पाहू, असे तो म्हणतो. ज्याला पाहण्याची गरज नव्हती त्याने आधी पाहिले. ज्यांना पाहिल्यावाचून काहीच कळत नाही, त्या आपण तर पाहिल्यावाचून बोट हलवू नये.