शुक्रवारच्या जेवणाचा खर्च कोणी द्यायचा?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात विल्ना, वॉर्सा, ॲमस्टरडॅम इथल्या ज्यू घरांमधल्या दानपेट्यांतला पैसा जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद आणि तिबेरियसला जात असे. तिथे राहून धर्मग्रंथांचं अध्ययन करणाऱ्या कुटुंबांची चूल त्यावर पेटायची. या वाटपाला ‘हलुक्का’ म्हणत. वर्गणी गोळा करायला दूत देशोदेशी निघत. त्यांच्यातला याकोव्ह सफीर १८६० च्या आगेमागे येमेनमार्गे मुंबईलाही येऊन गेला आणि इथल्या बेने इस्रायली ज्यूंविषयी त्याने लिहून ठेवलं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि युरोपातून वाहणारा हा ओघ आटला. ऑगस्ट १९१४ मध्ये ऑटोमन साम्राज्यातले अमेरिकी राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी न्यूयॉर्कला तार केली : तातडीने ५० हजार डॉलर हवेत. त्या तारेतून उभी राहिली ती अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी. ज्यू जग तिला नुसतं ‘जॉइंट’ म्हणतं.

आज पैशाची दिशा उलटी आहे. बुडापेस्ट, क्राकोव, सोफिया इथल्या ज्यू मुलांची शिबिरं, वाचनगट, सणावाराची जेवणं न्यूयॉर्क आणि लंडनहून आलेल्या पैशावर चालतात. भरीला ब्रसेल्सची आणि बर्लिनची अनुदानं आहेत. १९३९ मध्ये युरोपात सुमारे ९५ लाख ज्यू होते, आता जेमतेम १३ लाख उरलेत. त्यातले बरेचसे फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये. मध्य आणि पूर्व युरोपात जे शिल्लक आहेत त्यांच्या पाठीशी ना श्रीमंत व्यापारी वर्ग राहिला, ना पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी देणारी घरं.

यावर एक टीका हमखास ऐकू येते : हा उसना समाज आहे, अनुदानं थांबली की मुलंही पांगतील. ही टीका मला पटत नाही. हलुक्काचा इतिहास पाहिला तर ज्यू समाजाने परक्या गावच्या पैशावर जगणं सरसकट कमीपणाचं मानलेलं दिसत नाही. देणं ही मेहेरबानी नव्हती, ते कर्तव्य होतं, आणि घेणाराही त्यावर हक्क सांगायचा. शिवाय बाहेरच्या पैशाकडे बोट दाखवण्याची त्या भागातली परंपरा चांगली नाही. १९५२ मध्ये प्रागला कम्युनिस्ट नेते स्लान्स्की यांच्यावर चाललेल्या खटल्यात आणि १९५३ मध्ये मॉस्कोतल्या डॉक्टरांवरच्या बनावट आरोपांत जॉइंटला हेरसंस्था ठरवलं गेलं. जॉइंटचे वरिष्ठ अधिकारी चार्ल्स जॉर्डन १९६७ मध्ये प्रागच्या व्हल्टावा नदीत मृतावस्थेत सापडले. २०१७ मध्ये हंगेरीने परदेशी पैसा घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांवर तशी पाटी लावण्याची सक्ती करणारा कायदा केला. धार्मिक संस्थांना त्यातून सूट होती आणि २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा बेकायदा ठरवला. पण ‘परक्यांच्या पैशावर चालणारे’ हा शिक्का कुणावर कधी बसेल, याची धास्ती तिथल्या माणसांच्या अंगात मुरलेली आहे.

तेव्हा पैसा बाहेरून येतो हे माझं गाऱ्हाणं नाही. तो मुदतीचा असतो, आणि समाज नेमका मुदतीत बसत नाही, हे आहे.

सारवाशचं उदाहरण घ्या. दक्षिण-पूर्व हंगेरीतलं, कोरोश नदीच्या जुन्या पात्राकाठचं हे छोटं गाव. १९९० मध्ये, म्हणजे पोलादी पडदा फाटल्यावर लगेच, अमेरिकी उद्योगपती रोनाल्ड लाउडर यांच्या प्रतिष्ठानाने आणि जॉइंटने इथे ज्यू मुलांचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. दर उन्हाळ्यात दीड हजारांच्या आसपास मुलं इथे बारा-बारा दिवसांच्या तुकड्यांनी येतात, वीसहून अधिक देशांतून. पोहणं, नाच, चित्रकला हे सगळं आहेच, पण खरी गोष्ट शुक्रवारी संध्याकाळी घडते. आंघोळी करून, पांढरे कपडे घालून मुलं जमतात, मेणबत्त्या लागतात, भाकरीवर आशीर्वाद म्हटला जातो आणि शेकडो पोरं टेबलं बडवत गाणी म्हणतात. त्यातल्या कित्येकांनी शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा विसाव्याचा दिवस, घरी कधी पाहिलेलाच नसतो.

घरी का नाही, याचं उत्तर चाळीस वर्षांच्या गप्प बसण्यात आहे. शोआतून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या कित्येक आईबापांनी कम्युनिस्ट राजवटीत मुलांना ‘आपण ज्यू आहोत’ हे सांगितलंच नाही. १९८० च्या दशकात हंगेरीतल्या काही समाजशास्त्रज्ञांनी या पिढीच्या मुलाखती घेऊन ‘मी ज्यू आहे हे मला कसं कळलं’ अशा नावाचा लेखच लिहिला. कुणाला ते शाळेतल्या शिवीतून कळलेलं असायचं, कुणाला आजीच्या कागदपत्रांतून. अशा घरांतली मुलं सारवाशहून परतली की आईबापांना मेणबत्ती कशी लावायची ते शिकवू लागली. परंपरा वरून खाली येते असं आपण गृहीत धरतो. इथे ती मुलांकडून आईबापांकडे वर चढली. आणि हे एका उन्हाळ्यात झालं नाही. आज शिबिरातल्या मुलांना सांभाळणारी ताई-दादा मंडळी बहुतेक याच शिबिरात लहानाची मोठी झालेली असतात. तीसहून अधिक वर्षं तेच शिबिर, तीच जागा, तीच गाणी.

आता हेच काम आजच्या अनुदानाच्या अर्जात बसवून बघा. अनुदानाची मुदत साधारण एक ते तीन वर्षांची. अर्जात ‘नावीन्य काय’ हा रकाना असतो. लाभार्थी किती, कोणत्या वयोगटातले, किती देशांतल्या संस्था भागीदार, प्रकल्प संपल्यावर तो स्वतःच्या पायावर कसा उभा राहील, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. ‘मागच्या वर्षी केलं तेच यंदाही करणार आहोत’ हे खरं उत्तर लिहिलं तर अर्ज बाद. म्हणून मग संस्था दर दोन वर्षांनी त्याच शुक्रवारच्या जेवणाला नवं नाव देतात. एकदा ते ‘आंतरपिढी संवाद’ असतं, पुढच्या वेळी ‘तरुण नेतृत्वविकास’. समन्वयक नेमला जातो, मुलांची नावं त्याला पाठ होईतो त्याचा करार संपतो. (आपल्याकडच्या स्वयंसेवी संस्थांत काम केलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल.)

सरकारी पैसा आला की आणखी एक गोष्ट होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने २०३० पर्यंतचं एक धोरण जाहीर केलं : ज्यूद्वेषाशी लढा आणि ज्यू जीवनाला चालना. क्रम लक्षात घ्या. आधी द्वेष, मग जीवन. धोरणाचा हेतू चांगला आहे, त्यातून प्रत्यक्ष पैसाही येतो. पण ज्यू तरुणाचं अस्तित्व सरकारच्या लेखी बहुतेकदा बिगरज्यूंच्या शिक्षणाचं साधन म्हणूनच येतं. जर्मनीत ‘मीट अ ज्यू’ नावाचा उपक्रम आहे. ज्यूंच्या केंद्रीय परिषदेचा, संघराज्याच्या लोकशाही-संवर्धन निधीतून चालणारा. ज्यू तरुण दोघादोघांच्या जोडीने शाळांमध्ये जातात आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. ज्या देशात बहुतेक विद्यार्थ्यांनी ज्यू माणूस फक्त पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रात पाहिलेला आहे, तिथे याचा उपयोग मी नाकारत नाही. तरीही वर्गासमोर बसलेल्या त्या बावीस वर्षांच्या मुलीचा विचार मनातून जात नाही. संध्याकाळी तिला कुठे जायचं असेल तर ती जागा कोण चालवतं? तिने ‘ज्यू म्हणून’ काहीही समजावून सांगायचं नाही, अशी जागा? मिखाल बोडेमान या समाजशास्त्रज्ञाने जर्मनीतल्या या प्रकाराला स्मृतीचं नाटक म्हटलं होतं, आणि बर्लिनचा तरुण कवी माक्स चोलेक याने २०१८ च्या आपल्या पुस्तकात त्या नाटकातली भूमिका सरळ नाकारली. त्याचा सूर मला कधीकधी कर्कश वाटतो, पण दुखतं कुठे ते त्याने बरोबर दाखवलं.

पोलंडमध्ये हे नाटक अधिक गुंतागुंतीचं. क्राकोवमधला प्रसिद्ध ज्यू संस्कृती महोत्सव १९८८ मध्ये दोन बिगरज्यू तरुणांनी सुरू केला आणि त्याचे प्रेक्षकही बहुतांशी बिगरज्यूच. त्यात वाईट काही नाही, संगीत उत्तम असतं. पण महोत्सव संपल्यावर काझिमिएझ या जुन्या ज्यू मोहल्ल्यात ज्यू माणसांनी कुठे बसायचं, हा प्रश्न उरायचा. २००२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स क्राकोवला आले असताना शोआतून वाचलेले म्हातारे त्यांना भेटले. जमायला धड जागा नाही, हे त्या भेटीत पुढे आलं. लंडनची वर्ल्ड ज्यूइश रिलीफ आणि जॉइंट यांनी पैसा उभा केला आणि २००८ मध्ये मिओदोवा रस्त्यावर, टेम्पल सिनेगॉगच्या मागे, ज्यू समाजकेंद्र उघडलं. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची डबी, ठोकायला चार्ल्स स्वतः आले होते.

म्हाताऱ्यांच्या निमित्ताने मिळालेल्या त्या जागेत तरुण येऊ लागले. आपली आजी ज्यू होती हे विशीत कळलेली मुलं आधी नुसती बाहेरून चक्कर मारून जायची म्हणतात. मग आत येऊन हिब्रूच्या वर्गात बसायची, मग शुक्रवारच्या जेवणाला. आऊशवित्झपासून सत्तर किलोमीटरवर रोजची ज्यू बालवाडी चालणं म्हणजे काय, ते आकड्यात मांडता येत नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि निर्वासितांचे लोंढे पोलंडमध्ये शिरले. काही दिवसांतच हे केंद्र मदतकेंद्र झालं. अन्न, कपडे, लहान मुलांच्या वस्तू घ्यायला दारासमोर रांगा लागल्या, आणि रांगेतले बहुतेक लोक ज्यू नव्हते. कुठल्याही प्रकल्पाच्या उद्दिष्टांत हे नव्हतं. ते शक्य झालं कारण तिथे इमारत होती, स्वयंपाकघर होतं, पगारी माणसं होती, आणि बोलावल्यावर येतील असे स्वयंसेवक जवळजवळ चौदा वर्षांच्या उठबशीतून तयार झालेले होते.

अनुदान देणाऱ्यांना सर्वांत नावडता खर्च हाच असतो : भाडं, वीज, पगार. त्याला आस्थापना खर्च म्हणायचं आणि त्यावर टक्केवारीची मर्यादा घालायची. माझ्या मते या समाजांच्या बाबतीत तोच मूळ खर्च आहे, बाकी सगळं वरखर्च.

आणखी एक उदाहरण. ९ ऑक्टोबर २०१९, योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस. जर्मनीतल्या हाले शहरातल्या सिनेगॉगमध्ये पन्नासएक माणसं उपवास धरून प्रार्थनेला बसली होती. तिथला ज्यू समाज छोटा, बराचसा सोव्हिएत संघातून आलेल्या वयस्कांचा. पण त्या दिवशी सुमारे वीस तरुण बाहेरून आले होते, बहुतेक बर्लिनच्या एका ज्यू तरुणगटातले. म्हाताऱ्यांच्या सोबतीने मोठा सण साजरा करावा, एवढाच त्यांचा बेत. बाहेर पोलीस पहारा नव्हता. एका हल्लेखोराने दारावर गोळ्या झाडल्या, दार उघडलं नाही. त्याने रस्त्यावरच्या एका स्त्रीला आणि कबाबच्या दुकानातल्या एका तरुणाला ठार मारलं. आतल्या लोकांना नंतर इस्पितळात नेलं गेलं आणि तिथे त्यांनी दिवसाची शेवटची प्रार्थना पुरी केली, गाणी म्हटली.

त्या इमारतीच्या सुरक्षेसाठी ज्यू एजन्सी या इस्रायली संस्थेच्या निधीतून मदत मिळालेली होती, आणि त्या निधीची किंमत त्या दुपारी सगळ्यांना कळली. मजबूत दारासाठी पैसा मागणं तेव्हापासून सोपं झालंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर तर अनेक ज्यू शाळांच्या अंदाजपत्रकात पहारेकऱ्यांचा वाटा वाढला. मात्र बर्लिनच्या मुलांनी हालेच्या म्हाताऱ्यांकडे सणाला जाणं, ज्यासाठी ते दार राखायचं, त्याला अंदाजपत्रकात ‘प्रवासखर्च’ एवढंच नाव आहे.

इथे मृतांच्या पैशाचा, म्हणजे शोआच्या नुकसानभरपाईचा, प्रश्न येतो, आणि तो टाळता येत नाही. १९५२ च्या लक्झेंबर्ग करारानुसार पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज आणि नुकसानभरपाई मागणाऱ्या ज्यू संस्थांच्या क्लेम्स कॉन्फरन्सला ४५ कोटी मार्क देण्याचं कबूल केलं. असा पैसा हाताने शिवू नये म्हणून इस्रायलमधले विरोधी पुढारी मेनाखेम बेगिन यांच्या सभेनंतर जमाव इस्रायली संसदेवर चालून गेला होता. पैसा घेतला गेला, आणि युरोपातली अनेक सिनेगॉगं, शाळा त्यातून पुन्हा उभ्या राहिल्या. फ्रान्समध्ये २००० साली शोआ स्मृती प्रतिष्ठान निघालं. वारस न उरलेल्या ज्यू खात्यांचा, लुटलेल्या मालमत्तेचा ३९ कोटी ३० लाख युरोंचा निधी, सिमोन वेल पहिल्या अध्यक्षा. मुद्दल राखायचं आणि उत्पन्न खर्च करायचं ही त्यांची पद्धत, म्हणून त्यांना दूरचा विचार परवडतो.

क्लेम्स कॉन्फरन्सने पूर्व जर्मनीतल्या बेवारस ज्यू मालमत्तेतून आलेल्या पैशाची वाटणी ८० आणि २० अशी ठरवली होती : ८० टक्के हयात पीडितांच्या शुश्रूषेला, २० टक्के शोआचं संशोधन आणि शिक्षण यांना. पीडितांच्या काही संघटनांना ते २० टक्केही खुपले. एक म्हातारी थंडीत औषधाविना असताना पुस्तकं कसली छापता, असा त्यांचा सवाल होता, आणि त्याला खोडून काढणारं उत्तर माझ्यापाशी नाही. पण या वादात तिसरा वाटेकरी कुणीच नव्हता. त्या म्हातारीची नात, तिच्या शुक्रवारसह, ८० मध्येही बसत नाही आणि २० मध्येही नाही.

२०२४ च्या आरंभी जगभरात शोआतून वाचलेले सुमारे दोन लाख ४५ हजार लोक हयात होते, त्यांचं मध्यम वय ८६. येत्या पंधरा वर्षांत शुश्रूषेचा खर्च जवळजवळ संपेल. जर्मन सरकारने पुढच्या काळासाठी वेगळी रक्कम मान्य करायला सुरुवात केली आहे, पण ती शोआच्या शिक्षणासाठी : शिक्षकांचं प्रशिक्षण, अभ्यासक्रम, चित्रफिती. म्हणजे आजोबा कसे मारले गेले हे शिकवायला पैसा राहील. नातीने शुक्रवारी कुठे जेवायचं, हे वाटाघाटींच्या त्या टेबलावर अजून आलेलं नाही, आणि ते आणायचं तर म्हातारे हयात असताना, त्यांच्या संमतीने आणावं लागेल.