नळजोडणी आणि शेजाऱ्याचा हक

वाचकहो, एका प्रश्नाचा विचार करा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी एका गृहस्थाने नळजोडणीला थेट टुल्लू पंप लावला, छतावरची टाकी काठोकाठ भरली आणि त्याच पाण्याने वुजू करून तो नमाजला उभा राहिला. गल्लीच्या टोकाच्या घरी त्या दिवशी घागरसुद्धा भरली नाही. त्याचा वुजू झाला का?

फिकहच्या ग्रंथांत याला जवळचा मसला आहे, तो बळकावलेल्या पाण्याचा. हनफी, मालिकी आणि शाफई विद्वानांच्या मते अशा पाण्याने वुजू होतो, पण करणारा गुन्हेगार ठरतो. हंबली मजहबच्या प्रसिद्ध मतानुसार तो होतच नाही. ‘वुजू होतो’ एवढे ऐकून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्या वाक्याचा उत्तरार्ध अधिक जड वाटतो.

कोणी म्हणेल, मी पाणीपट्टी भरतो, माझ्या नळात आलेले पाणी माझेच. भांड्यात भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याचे, हे खरे. परंतु सार्वजनिक जलवाहिनीची तुलना भांड्याशी नव्हे, सामाईक पाटाशी करावी लागेल. हनफी फुकहांनी अशा पाटाविषयी स्पष्ट लिहिले आहे की, इतर भागीदारांच्या संमतीवाचून कोणी त्यावर पाणचक्की वा पाणी उपसणारा रहाट बसवू नये. टुल्लू पंप हा आजचा रहाटच आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. अनेक शहरांत नळ दिवसांच्या अंतराने येतो. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुके तर पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात. तेथील विहिरी-बोअरचे पाणी खारट, मूत्रपिंडाच्या विकारांची भीती कायमची. म्हणूनच वान धरणाचे गोडे पाणी 140 गावांच्या योजनेतून आणावे लागले. अशा ठिकाणी टोकाच्या घराचा वाटा ओढला गेला, तर त्या घराला खाऱ्या पाण्याकडेच वळावे लागते. शरीअतने तहानेला वुजूच्या आधी स्थान दिले आहे: जवळचे पाणी स्वतःच्या, सोबत्याच्या किंवा जनावराच्या पिण्यासाठी लागणार असेल, तर तयम्मुम करावा. मग शेजाऱ्याची तहान माझ्या भरलेल्या टाकीच्या मागे कशी राहील?

दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. पाणी बंद असलेल्या दिवसांत वाहिनी रिकामी असते. नालीखालून गेलेल्या नळाचा सांधा सैल असेल, तर नालीचे पाणी आत झिरपते आणि पंपाची ओढ त्याला आणखी आत खेचते. रंग, चव, गंध बदलला की आपण पाण्याविषयी शंका घेतो. पण कावीळ आणि गॅस्ट्रो हे तिन्ही न बदलताही घरात येतात. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यात घेऊ नये, अंगण धुण्यासाठी वेगळे भरावे, आणि पिण्याचे पाणी उकळावे.

बुखारी शरीफमध्ये जहाजाचे दृष्टान्तवचन आहे. खालच्या मजल्यावरचे प्रवासी पाण्यासाठी वर जाण्याचा त्रास टाळू पाहतात आणि आपल्याच वाट्याच्या भागात भोक पाडण्याचा विचार करतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, वरच्यांनी त्यांना रोखले नाही तर सगळेच बुडतील. तुमच्या अंगणातला फुटका नळ हेही ‘आपल्याच वाट्यातले’ भोक आहे.

म्हणून घरातील नळांची देखभाल ही मी अमानत मानतो. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे, हे बहुधा कर्त्या पुरुषालाच ठाऊक असते, आणि नळ फुटतो तेव्हा तो नेमका बाजारात असतो! तो घरातील स्त्रियांना आणि जाणत्या मुलांनाही दाखवून ठेवावा, वर्षातून काही वेळा फिरवून पाहावा. न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐनवेळी जाम होतो. नळ फुटला तर आधी व्हॉल्व्ह बंद करावा आणि मोटारीची वीज तोडावी. ओल्या हाताने बटणाला स्पर्श करू नये. व्हॉल्व्हच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला फुटले असेल, तर नगरपालिकेला वा ग्रामपंचायतीला त्याच घटकेला कळवावे. छतावरचे पीव्हीसी नळ आपल्या वैशाखातल्या उन्हाने ठिसूळ होतात. त्यांना रंग द्यावा किंवा झाकावे. टाकीचा बॉलकॉक बिघडला, तर पाणी रात्रभर गच्चीवरून वाहते आणि शेजारी ते पाहून गप्प बसतो. जहाजाच्या त्या वचनात रोखण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावरही आहे.

प्रेषितांचा (स.) वुजू एका मुद्दमध्ये होत असे, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश लिटर पाण्यात. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी सांडते. सहा वुजूंचे पाणी झाले हे, आणि वॉशर मिळतो काही रुपयांत.

ज्यांनी आजवर थेट नळावर मोटार लावली, त्यांच्यापुढे एक अवघड काम उरते. हकूकुल इबाद केवळ तौबेने माफ होत नाहीत, हकदाराकडून क्षमा मिळवावी लागते. त्यासाठी मोटार काढल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, कोणाकोणाच्या घरी पाणी पोहोचत नव्हते, हे विचारावे लागेल.