कैद्याचं मोल

१ ऑगस्ट २०२४ रोजी अंकाराच्या विमानतळावर चोवीस कैद्यांची अदलाबदल झाली. रशियाने सोडलेल्यांत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे बातमीदार इव्हान गेर्शकोविच होते. हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली ते सोळा महिने तुरुंगात होते. बदल्यात जर्मनीला वादिम क्रासिकोव्हला सोडावं लागलं. २०१९मध्ये बर्लिनच्या बागेत भरदिवसा खून करून तो जन्मठेप भोगत होता.

निरपराध माणूस घरी यावा म्हणून खुन्याला मोकळं करणं धर्माला धरून आहे का?

यहुदी धर्मशास्त्राने हा पेच फार पूर्वीच ओळखला. बाराव्या शतकातल्या धर्मपंडित मायमोनिडीझच्या मते कैद्याच्या सुटकेइतकं मोठं पुण्य नाही. मिश्ना हा प्राचीन यहुदी धर्मग्रंथ मात्र बजावतो, वाजवीपेक्षा जास्त खंडणी देऊ नका. एकदा पैशाची चटक लागली, की पकडणारे पुन्हा येतात, ही त्यामागची एक भीती. रोथेनबर्गचे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, मेअर १२८६मध्ये कैद झाले. परंपरा सांगते, त्यांनी आपल्यासाठी खंडणी भरू दिली नाही. १२९३मध्ये ते कैदेतच वारले. त्यांचा देहही चौदा वर्षांनी, पैसे मोजल्यावरच हाती आला.

पण तो त्याग रब्बींनी स्वतःचा केला. दुसऱ्याच्या मुलाकडून तो मागण्याचा अधिकार कुठल्या सरकारला असतो? जर्मनीचे तत्कालीन चॅन्सेलर शोल्झ यांनी निर्णय सोपा नव्हता हे कबूल केलं, आणि सुटलेल्यांच्या स्वागताला ते स्वतः विमानतळावर गेले.

सुटकेआधी गेर्शकोविच यांना दयेच्या अर्जाचा सरकारी नमुना भरायला दिला होता. त्यांनी तो भरला आणि शेवटी एक विनंती जोडली: सुटल्यावर पुतिन आपल्याला मुलाखत देतील का?