लाल शाईचा न्याय

अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत आम्हांला स्वतःच्या निःपक्षपातीपणाची मोठी खात्री होती. एकदा निबंधाच्या साठ वह्या तपासून झाल्यावर सकाळच्या पहिल्या पाच वह्या रात्री पुन्हा हाती घेतल्या आणि आधीचे गुण झाकून तपासल्या. वीसपैकी चौदा मिळालेल्या निबंधाला आता अकरा पडले. निबंध तोच होता. बदललो होतो आम्ही. दमलो होतो, आणि मधल्या वेळात एक फार सुरेख निबंध वाचनात आला होता.

हा दोष आमच्यापुरता नाही. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च व एलियट या अभ्यासकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी दिलेल्या गुणांत तिसाहून अधिक अंतर पडले.

यावर काही साधे उपाय आहेत. आशय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन यांचे गुण आधी ठरवावेत, नाव झाकावे, पहिल्या वह्या शेवटी पुन्हा पाहाव्यात. खरा पेच पुढेच आहे. पस्तिसाला उत्तीर्ण होणारा मुलगा तेहतिसावर अडकतो. त्याच्या घरची ओढाताण आम्हांला ठाऊक असते. दोन गुण वाढविले तर काय बिघडले? दया हा सद्गुण नव्हे काय?

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी उशिरा आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी देतो. परंतु ती स्वतःच्या पैशांतून. गुण परीक्षकाच्या मालकीचे नसतात, तो त्यांचा केवळ विश्वस्त असतो. त्याच गठ्ठ्यात तेहतीस गुणांचा दुसराही मुलगा असू शकतो, ज्याचे घर आम्ही कधी पाहिलेले नाही. ओळखीच्या मुलावर केलेली दया त्या अनोळखी मुलावर अन्याय ठरते. पुन्हा वाचायच्याच असतील, तर दोघांच्याही वह्या वाचाव्यात.

आमच्या मालकीचा असतो तो आमचा वेळ. समासात चार ओळी लिहाव्यात, शाळा सुटल्यावर मुलाला जवळ बसवून चूक उमजू द्यावी. दया तेथे मुक्तहस्ताने करावी.

त्या रात्री त्या पाच वह्यांचे गुण आम्ही नव्याने ठरविले. उरलेल्या पंचावन्न मात्र पुन्हा उघडल्या नाहीत. झोप आली होती. सकाळी गुण वाचून दाखविले, तेव्हा कोणाही मुलाने तक्रार केली नाही. त्यांचा आमच्यावर विश्वास होता, आणि त्याचीच रुखरुख आजही वाटते.