घासाघीस आणि भीड

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण एखाद्या दुकानाच्या पायरीवरच जन्मली असावी, असा मला दाट संशय आहे. दुकानदाराने दहा साड्या उलगडून पुढे टाकल्या, पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली, 'घरची मंडळी बरी आहेत ना?' म्हणून विचारले, की अकराव्या साडीला 'नको' म्हणताना जीभ अडखळते. मग मनात नसलेली साडी काखोटीला मारून गृहस्थ घरी येतात आणि दिवाळीचे चार दिवस त्या साडीच्या रंगावरून बोलणी खातात. या भिडेवर उतारा म्हणूनच आपल्या बायकांनी घासाघीस नावाची कला वाढविली. निम्म्यापासून सुरुवात करायची, कापडाला नाक मुरडायचे, उठून चार पावले चालायचे आणि पाचव्या पावलाला हाक येते का याचा कानोसा घ्यायचा. हाक आली की दोघेही जिंकले. अशा व्यवहारात कोणी फसले असे मी म्हणणार नाही. नाटक चालू आहे हे दोघांनाही ठाऊक असते.

आता या नाटकात तिसरे पात्र शिरले आहे. ते खिशात असते. फ्लिपकार्टचा धंदा 2007 साली सुरू झाला, ॲमेझॉनने 2013 साली आपल्या देशात दुकान मांडले, आणि बघता बघता या बिनपायरीच्या दुकानांचे पुडके मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा असे करीत वाड्यावस्त्यांवर पोहोचू लागले. तिथे साडी उलगडणारा कोणी नाही, गोळी देणारा नाही, आणि म्हणून भीडही नाही. 'नको' म्हणायला तिथे जीभ लागतच नाही, अंगठा पुरतो.

गेल्या दिवाळीच्या आधी नारायणगावला एका विजेच्या सामानाच्या दुकानात मी दिव्यांची माळ घ्यायला उभा होतो. शेजारी चाळिशीतला एक शेतकरी बॅटरी पाहत होता. हातात धरायची, लांब झोत टाकणारी बॅटरी. जुन्नर-आंबेगावात ही चैनीची वस्तू नव्हे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी इथे पाणी खेळविले. पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या नांदू लागला. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे पुष्कळदा रात्रीच्या पाळीला येत आली आहे. तेव्हा बारे द्यायला जायचे ते मध्यरात्री, उसाच्या कडेने, आणि हातात जी काय असेल ती बॅटरी. तिचा झोत शंभर पावलांवर पडतो की वीस, हा प्रश्न त्या माणसाला किंमतीपेक्षा मोठा असतो.

दुकानदाराने तीन बॅटऱ्या काढल्या. शेतकऱ्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन प्रत्येकीचा झोत भिंतीवर पाडून दाखविला. कोणती पावसात टिकते, कोणतीचे चार्जिंग वर्षभराने बसते, कोणतीचे बटण ओल्या हाताने दाबले जात नाही, सारे सांगितले. शेतकऱ्याने एक पसंत केली आणि मग मोबाइल बाहेर काढला.

"शेठ, हीच बॅटरी इथं अडीचशेनं कमी हाय."

"असंल, दादा. माझी खरेदीच त्याच्या वर आहे."

"तेवढ्यात द्या ना मग."

"नाही जमायचं. पन्नास कमी करतो."

शेतकरी थोडा घुटमळला, 'उद्या येतो' म्हणाला आणि निघाला. दुकानदाराने तिन्ही बॅटऱ्या पुन्हा खोक्यांत भरून फळीवर ठेवल्या. तो रागावला नाही. माझ्या माळेचे पैसे घेऊन त्याने मला सुटे परत दिले. मला मात्र तो प्रसंग टोचत राहिला. त्या शेतकऱ्याने काही गैर केले काय?

एकदम 'हो' म्हणण्याआधी त्याची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती फार जुनी आहे. भाव ठाऊक नसणे हीच गरिबाची खरी गरिबी होती. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत; ज्याचा बैल, त्याला खरा आकडा कळला तर कळला. 12 मे 1875 रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजारात, कुणबी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले व त्यांनी कर्जखते जाळली. तो सारा राग नुसत्या व्याजाचा नव्हता. सावकार हाच पुष्कळ ठिकाणी गावचा दुकानदार होता. धान्य घेतानाचा भाव त्याचा, मीठ-कापड देतानाचा भावही त्याचाच, आणि वहीतले अक्षर कुणब्याला वाचता येत नसे. 1963 साली महाराष्ट्राने बाजार समित्यांचा कायदा केला, तेव्हा त्यामागची एक मोठी इच्छा हीच होती की, लिलाव सर्वांच्या देखत व्हावा, रुमाल दूर व्हावा.

मोबाइलवरचा आकडा म्हणजे दूर झालेला रुमालच आहे. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातून घोडेगावच्या बाजाराला उतरणाऱ्या महादेव कोळ्याच्या किंवा ठाकराच्या पोराला घासाघिशीची ती कला कोणी शिकविली नव्हती. शहरी बाईला 'ताई, बसा' म्हणणारा दुकानदार त्याला उभ्यानेच भाव सांगे, आणि तो मुकाट्याने देई. भीड त्यालाच अधिक पडे. आज तो आकडा दाखवून 'एवढ्याला द्या' म्हणू शकतो, यात मला गैर काही दिसत नाही. उलट बरेच दिवस थकलेली एक बाकी फिटल्यासारखे वाटते. आपल्या जुन्या बाजारपेठांवर गहिवरून लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये.

तरीही त्या अंधाऱ्या खोलीचे काय? भिंतीवर पडलेला झोत त्या आकड्यात कुठे होता?

याचे उत्तर शोधताना मला आठवली ती बॅटरीहून भलतीच निराळी वस्तू: बंदूक. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक विकता येत नाही आणि घेताही येत नाही. शेतकऱ्याचा विचार त्या कायद्याने केला आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. (बिबट्यासाठी मात्र तिचा उपयोग नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पुरे संरक्षण दिले आहे. म्हणून तर शेवटी प्रश्न बॅटरीवर येतो.) बंदुकीच्या दुकानदाराने परवाना पाहायचा, वहीत नोंद करायची, कोणाला काय दिले याचा जाब द्यायचा. तेव्हा हे एक दुकान असे की, जिथे विकणाऱ्याने घेणाऱ्याला ओळखणे ही सौजन्याची बाब राहिलेली नाही. ती कायद्याची सक्ती आहे.

अमेरिकेत बंदुका आपल्यापेक्षा किती सहज मिळतात हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथला माणूस घरबसल्या दूरच्या व्यापाऱ्याकडून बंदूक मागवू शकतो. पण 1968 च्या कायद्यामुळे दूरच्या राज्यातली ती बंदूक त्याच्या दारात येत नाही. ती येते त्याच्या गावच्या परवानाधारक दुकानदाराकडे. गिऱ्हाइकाने तिथे स्वतः जायचे, अर्ज भरायचा, आणि 1998 पासून तिथे असलेल्या तातडीच्या चौकशीतून पार पडायचे. मग दुकानदार बंदूक हाती देतो आणि या कामाची वेगळी फी घेतो. मौज अशी की, त्याच दुकानदाराच्या फळीवर तीच बंदूक असली, तर गिऱ्हाईक त्याला दूरचा भाव दाखवून घासाघीस करते. दुकानदाराने सरळ हिशेब मांडावा: तिथला भाव, अधिक पाठवणावळ, अधिक माझी फी, आता बोला, फरक किती उरला? पुष्कळदा फारसा उरत नाही.

मला या व्यवहारात एक गोष्ट फार मोलाची वाटते. 'समोर बसलेला माणूस' या वस्तूची किंमत तिथे बिलावर वेगळी लिहिलेली आहे. आपल्याकडे ती बॅटरीच्या किंमतीत मुरलेली असते, आणि मुरलेली म्हणूनच ती लबाडी वाटते. आमच्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. नारायणगावला टोमॅटो घालून त्याच्या हाती पट्टी येते, तीवर हमाली, तोलाई अशा रकमा वेगळ्या मांडलेल्या असतात. आडतही अशीच डोळ्यांसमोर होती, म्हणून तिच्याविरुद्ध बोलता आले, आणि 2016 साली भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याच्या माथ्यावरून काढून खरेदीदाराच्या माथी टाकण्यात आली. जे लिहिलेले असते त्याच्याशी भांडता येते.

समजा, त्या विजेच्या दुकानदारानेही तशी पट्टी केली. बॅटरी, मोबाइलवरच्याच भावाने. अंधाऱ्या खोलीत झोत दाखविल्याचे इतके. आठ दिवसांत बंद पडली तर त्याच पायरीवर बदलून देण्याचे इतके. टोमॅटोचे पैसे हाती येईपर्यंत थांबण्याचे इतके. आपण ही पट्टी वाचून काय करू? माझा तर्क असा की, शेवटच्या तीन ओळी खोडायला सांगू. आणि मग अमावास्येच्या रात्री बॅटरी विझली की, सकाळी पुन्हा त्याच दुकानात जाऊन 'शेठ, जरा बघा हो काय झालंय' म्हणू, जरी ती बॅटरी त्याच्याकडची नसली तरी. तो खोलून बघेलही. त्याला भीड पडते ना!

इथे मला अन्याय सापडतो. भीड आम्ही आमच्या बाजूची तेवढी सोडली. त्याच्या बाजूची मात्र वापरीत राहिलो. मोबाइल दाखवून भाव मागणे यात पाप नाही. पण घ्यायची नाही हे मनाशी पक्के करून तीन बॅटऱ्या पेटवून घेणे ही चोरीच म्हणावी लागेल. चोरलेली वस्तू हातात धरता येत नाही एवढेच. त्या दिवशीच्या शेतकऱ्याच्या मनात काय होते ते त्यालाच ठाऊक. 'उद्या येतो' म्हणणारा माणूस खरोखरच उद्या येतो, असेही मी पाहिले आहे.

कोणी म्हणेल, गावचा दुकानदार गावच्या यात्रेला वर्गणी देतो, शाळेच्या खोलीला पत्रे देतो. त्याचा नफा गावात राहतो, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्यावे. या युक्तिवादाला इथे दोन हजार वर्षांचा आधार आहे. जुन्नरच्या डोंगरात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा कोरीव लेख आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याचेही लेख आहेत. नाणेघाटाने चढून आलेल्या मालाचा नफा असा दगडात उरला. वाचायला हे फार गोड वाटते. पण त्या श्रेणीच्या व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याकडून धान्य कोणत्या भावाने घेतले, ते काही दगडावर कोरलेले नाही. दानधर्माकडे बोट दाखवून चढा भाव पचवता येऊ नये. जास्त द्यायचे ते आपण जे वापरतो त्याचे द्यावे: ज्ञानाचे, थांबण्याचे, बदलून देण्याचे. जो यातले काहीच वापरीत नाही, खोके बघून खोके घेतो, त्याने खुशाल मोबाइलवरून मागवावे. त्याच्यावर रुसण्याचा अधिकार दुकानदारालाही नाही.

आणि दुकानदाराने? त्याने 'माझी खरेदीच वर आहे' एवढ्यावर थांबू नये. ते खरे असले तरी गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे नाही. पावसात कोणती टिकते हे त्याने सांगितलेच होते. 'या सांगण्याचेच दोनशे रुपये आहेत, दादा' हे तेवढे सांगायचे राहिले. आपल्या व्यापाऱ्याला नफा उघडपणे बोलून दाखविण्याची फार लाज वाटते. मग तो 'खास तुमच्यासाठी', 'बोहनीची वेळ आहे म्हणून' अशा भाषेत तो लपवितो, आणि लपविलेले सापडले की सारेच खोटे वाटू लागते.

शेतकऱ्याला दुकानदाराचे दुःख न कळण्यासारखे नाही. त्याच्या टोमॅटोचा भाव दूरच्या शहरांतला आकडा ठरवितो. 2023 च्या जुलैत नारायणगावला वीस किलोंच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक भाव मिळाला, तेव्हा तो आकडा गोड लागला; 2021 च्या ऑगस्टात महाराष्ट्रात ठिकठिकाणी टोमॅटो रस्त्यावर ओतावे लागले, तेव्हाही तो दूरचाच आकडा होता. 'माझा खर्चच त्याच्या वर आहे,' हे वाक्य शेतकरी आडत्यासमोर किती वेळा बोलला असेल! तेच वाक्य विजेच्या दुकानात दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला ते ओळखीचे कसे वाटले नाही, याचे मला नवल वाटते. की वाटले, म्हणूनच तो घुटमळला?

माझी भाची म्हणते, 'मामा, तुम्ही बिनचेहऱ्याचे दुकान, बिनचेहऱ्याचे दुकान म्हणता. पण पुडके घेऊन येणारा मुलगा तर आपल्याच गावचा असतो.' ते खरे आहे. आमच्याकडे येणारा मुलगा पलीकडच्या वाडीचा आहे. दिवाळीत त्याची फेरी संपता संपत नाही. अंधार पडल्यावर तो उसाच्या कडेच्या पायवाटेने मोटारसायकल घालतो आणि दारात उभा राहून मोबाइलवर आलेला आकडा विचारतो. आम्ही तो सांगतो, पुडके घेतो आणि दार लावतो. त्याच्याशी आम्ही कधी घासाघीस करीत नाही, कारण त्याला काय मिळते हे आम्हाला ठाऊकच नाही. परवा भाचीने त्याला फराळाची बशी दिली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, बांधून देता का? अजून अकरा घरं राहिल्यात."