टिटवीची हद्द

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. मुलगी चार दिवसांसाठी इचलकरंजीहून बोरगावला माहेरी आलेली, ती अडकली. बरोबर चार वर्षांची नात. इचलकरंजी आम्हांला बाजाराचे गाव, पण राज्याच्या हद्दीवर अडथळे उभे राहिले आणि ते परमुलूख झाले. सणाला आमच्याकडे कडुलिंब-गूळ, शेजारच्या कन्नड घरी बेवु-बेल्ल. नातीने दोन्हीकडे सारखेच तोंड वाकडे केले.

शेतकामाला मुभा होती. तिचा आडोसा घेऊन आम्ही आजोबा-नात रोज पहाटे दूधगंगेकाठच्या शिवारात जाऊ लागलो. तीस वर्षे प्रार्थनेच्या घंटेला बांधलेला माणूस मी. बाभळीला कोणत्या महिन्यात शेंगा येतात हे मला ठाऊक नव्हते. नात विचारी, "हा कोण?" मी ठोकून देई, "पक्षी." ती म्हणे, "ते मला पण कळतं, आबा."

एके दिवशी नांगरटीत टिटवीने आमच्यावर झेप घेतली. पलीकडच्या पट्टीत कुळव हाणणारा मुलगा धावत आला. आमच्याच शाळेतला, नववीतून परीक्षेविना दहावीत गेलेला. "सर, पाय जपून. अंडी हायती." ढेकळांच्या रंगाची चार अंडी, उघड्या जमिनीवर; दाखवल्याशिवाय दिसेनात. त्याने भोवती काट्या रोवल्या होत्या आणि कुळव तेवढी जागा टाळून फिरवला होता. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, हेही त्यानेच सांगितले. (पक्ष्यांना सीमा नसतात असे सीमाभागात आपण फार लिहितो. टिटवी बघावी. तिची हद्द चोख असते आणि ती ओरडून सांगते.)

पुढे चारेक आठवडे आमचा वर्ग तिथेच भरला. पिल्ले निघाली ती लगेच पायांवर चालू लागली, तेव्हा नात टाळ्या पिटायची थांबेना. माझ्या आयुष्यातले इतके निर्भेळ सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत. आणि तेच दिवस शेकडो मैल पायी निघालेल्या मजुरांचेही होते. संध्याकाळी त्यांना दूरदर्शनवर पाहायचे, सकाळी टिटवी पाहायची. अशा काळातले सुख जवळ बाळगावे की नाही?

एका स्नेह्याला मी हे विचारले. तो म्हणाला, "तुझ्या आनंदाने कुणाचे काही हिरावले का? मग कसली रुखरुख?" हिशेबाला हे बरोबर आहे. दुःखाच्या काळी सर्वांनीच सुतकी चेहरा करून बसावे, असे मीही म्हणणार नाही. मुलांना तर ते कळतही नाही. परंतु माझी अडचण वेगळी आहे. ज्या बंद शाळेने मला नात दिली, तिनेच त्या मुलाकडून वर्ग काढून घेतला. तो माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. तो रोज मला काही शिकवी. मी एकदाही त्याला विचारले नाही, "गणिताचे पुस्तक मिळाले का? घरी फोन आहे का?" आनंदात माणूस शेजारचे पाहत नाही. मी मास्तर असून पाहिले नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली ती गुरे राखणाऱ्या मुलांसाठी. मुलगा शाळेत येत नाही तर शाळेने कुरणात जावे, एवढा साधा विचार. बी.एड.च्या पेपरात मी त्यावर टीप लिहिली होती. कुरण समोर होते, मुलगा समोर होता, मास्तरही होता; शाळा तेवढी झाली नाही. ऑगस्टमध्ये शासनाची 'विद्यागम' योजना आली. देवळांत, झाडांखाली वर्ग भरले, ते ऑक्टोबरात थांबले. तोवर तो दुसऱ्याच्या ऊसात मजुरीला लागला होता. दहावीचा अर्ज त्याने भरलाच नाही. मी घरी गेलो तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "आता उशीर झाला, सर." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

यंदा नात सुट्टीला आली. तिला त्या वर्षातले दुसरे काही आठवत नाही, टिटवी मात्र आठवते. "तो दादा कुठं असतो?" म्हणाली. मी सांगितले, तुमच्याच इचलकरंजीत, मागावर, रात्रपाळी असते.

"मग त्याला टिटव्या दिसत नसतील."

"ऐकू येत असतील," मी म्हणालो. पण मागांच्या खडखडाटात तेही कसे ऐकू येणार, हे तिला सांगितले नाही.