दार आतूनच बंद झाले

क्रांतिकारी पक्षाची हुकूमशाही झाली की आम्ही एका माणसाकडे बोट दाखवून मोकळे होतो. रशियाच्या बाबतीत तो माणूस म्हणजे स्टालिन. पण तो सरचिटणीस झाला एप्रिल १९२२ मध्ये. त्याच्या चार वर्षे आधी, जानेवारी १९१८ मध्येच, निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीनंतर मोडली गेली होती. बोल्शेविकांना मते जेमतेम चौथा हिस्सा पडली होती, हाच तिचा गुन्हा! (हे सांगितलेले आमच्या काही पुरोगामी मित्रांना रुचत नाही.) विरोधी वर्तमानपत्रेही बंद होत गेली.

मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या खुल्या निवडणुका मागितल्या. त्यांच्यावर फौज चालून गेली. पक्षाच्या दहाव्या अधिवेशनातले सुमारे ३०० प्रतिनिधीही तिकडे गेले. त्यांत नेतृत्वाला विरोध करणारेही होते. त्याच अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. म्हणजे या विरोधकांचीही तोंडे बंद झाली.

तातार कम्युनिस्ट मिरसईद सुलतान-गालियेव आम्हाला म्हणूनच बेचैन करतो. मुसलमानांच्या श्रद्धा आणि रीतिरिवाजांना हात लागणार नाही, असे आवाहन १९१७ मध्ये लेनिन-स्टालिनच्या सहीने निघाले होते. पूर्वेकडच्या गुलाम मुलखांचा प्रश्न युरोपातल्या कामगारांच्या प्रश्नाहून वेगळा आहे, असे तो मांडत राहिला. १९२३ मध्ये त्याला अटक झाली, पक्षातून काढले गेले. १९४० मध्ये गोळी घातली गेली. दाद मागायला ना सभा उरली होती, ना वर्तमानपत्र. ती मोडली तेव्हा तो त्याच पक्षात होता.

त्याला मजलूम म्हणावे का? आम्ही म्हणतो. मात्र त्याच्या आधी क्रोनश्टाटच्या खलाशांना.